लोण्याचा निवाडा आणि मातीची साक्ष

चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. त्यानंतर युरोपीय आर्थिक समुदायाने ऑपरेशन फ्लड योजनेसाठी अनुदानरूपाने दिलेले आयरिश लोणी भारतात आले, आणि ते किरणोत्सारी द्रव्यांनी दूषित असल्याच्या शंकेवरून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्यापुढे एकच प्रश्न ठेवला: अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत मानवनिर्मित किरणोत्सारी द्रव्ये असलेले दूध, दुग्धपदार्थ व अन्य खाद्यपदार्थ मानवी सेवनास सुरक्षित व निरुपद्रवी आहेत काय? समितीने होकारार्थी उत्तर दिले. १९८८ साली न्यायालयाने ते मान्य केले आणि प्रकरण निकालात निघाले.

या निवाड्याला आता चार दशके होत आली. तो पुन्हा चर्चेला घेण्याचे कारण असे की, २०४७ पर्यंत देशात १०० गिगावॅट अणुवीज उभारण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. त्यावरील वादविवादात वीज किती, भांडवल कोणाचे, भरपाईची जबाबदारी कोणावर यांचा ऊहापोह होतो. माती, चारा, दूध आणि भाकरी यांचा होत नाही. समितीचे उत्तर चूक होते असे आमचे म्हणणे नाही. लोण्यापुरते ते बरोबर असण्याचाच संभव अधिक, आणि त्याचे कारणही पुढे येईल. आमचा आक्षेप प्रश्नाच्या मांडणीवर आहे. मर्यादेच्या आतले अन्न सुरक्षित आहे काय, एवढेच विचारले गेले. ती मर्यादा कोणत्या जमिनीवरचे, कोणत्या जनावराचे आणि कोणाच्या ताटातले अन्न गृहीत धरून ठरविली, हे विचारले गेले नाही. वस्तुतः सारा प्रश्न तेथेच आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास लागणारी मोजमापे जनतेच्या हाती असल्याखेरीज कोणत्याही मर्यादेला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मानता येणार नाही.

ताकात काय राहते

प्रथम लोण्याचाच विचार करू. अणुभट्टीच्या अपघातातून जी द्रव्ये शेतीवर पडतात त्यांत तीन मुख्य होत: आयोडीन-१३१, सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे होते. ऐंशी दिवसांत त्याचा सुमारे हजारावा भाग उरतो. सीझियमचे अर्धायुष्य तीस वर्षांचे आणि स्ट्रॉन्शियमचे जवळजवळ तेवढेच. तेव्हा १९८६ साली जमिनीवर पडलेले सीझियम २०१६ साली निम्मे झाले होते, एवढेच.

दूध विरजून घुसळले की स्निग्धांश लोण्यात जातो आणि पाण्यात विरघळणारे क्षार ताकात राहतात. सीझियम पाण्यात विरघळणारे असल्याने त्याचाही बहुतांश ताकात राहतो. लोण्यात अल्प उतरतो आणि तुपात जवळजवळ नाहीच. तात्पर्य, दुग्धपदार्थांपैकी न्यायालयापुढे ज्याच्यावरून वाद गेला तो पदार्थ सर्वांत कमी शंकास्पद होता. दुधाच्या भुकटीचे याच्या उलट आहे. एक लिटर स्निग्धांशरहित दुधाची शंभर ग्रॅमच्या आतच भुकटी होते आणि दुधातील सारे सीझियम तिच्यात एकवटते, त्यामुळे किलोमागचा आकडा दहापटीच्या आसपास चढतो. तीच भुकटी पाण्यात कालवली की आकडा पुन्हा खाली येतो. आयोडीनच्या बाबतीत भुकटी करून तीन महिने साठवणे हा उत्तम उपाय ठरतो. सीझियमला त्या साठवणुकीने काहीही होत नाही.

युरोपीय समुदायाने ३० मे १९८६ रोजी दूध व बालान्नासाठी किलोमागे ३७० बेकरेल आणि अन्य अन्नासाठी ६०० बेकरेल अशी सीझियमची मर्यादा ठरविली होती. सेकंदाला एक अणू विघटित होणे म्हणजे एक बेकरेल. हा आकडा कोरड्या भुकटीचा की कालवलेल्या दुधाचा, ते दूध पिणारे मूल दिवसाकाठी किती पिते आणि किती महिने पिते, हे सांगितल्याखेरीज आकड्याला अर्थ येत नाही. एका पदार्थाच्या बाबतीत जर एवढा विचार करावा लागतो, तर सर्व दुग्धपदार्थ व सर्व अन्न यांना एकाच होकारात बसविणे कितपत शास्त्रीय, हे वाचकांनीच ठरवावे.

जमिनीजमिनीतला फरक

मिरजगाव हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील कर्जत तालुक्याचे, नगर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. अवर्षणप्रवण मुलूख, रब्बी ज्वारी आणि जोडीला दूध, असा येथला संसार. तारापूरची अणुभट्टी येथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आमचे जे कार्यकर्ते अशा गावांत काम करतात त्यांना साहजिकच वाटते की, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या लोकांचा आहे. म्हणूनच या गावाच्या जमिनीपासून आरंभ करणे आम्हाला इष्ट वाटते.

वनस्पतीच्या मुळांना सीझियम हे पोटॅशियमसारखे, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत पालाशासारखे, भासते आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे. जमिनीत पालाश मुबलक असेल तर पीक सीझियम कमी उचलते. पालाशाची उणीव असेल तर अधिक उचलते. जमीन चुनखडीयुक्त असेल तर स्ट्रॉन्शियम पिकात कमी जाते. याखेरीज चिकणमातीचा गुणधर्म महत्त्वाचा आहे. तिच्यातील अभ्रकासारख्या पापुद्र्यांच्या खनिजांच्या कडांमध्ये सीझियमचे कण असे अडकतात की मुळांना ते सहजी सुटत नाहीत. सीना खोऱ्यातील खोल, काळ्या, चुनखडीयुक्त रानात चिकणमाती भरपूर असते. तेथे या दोन्ही द्रव्यांना पिकाची वाट बिकट असते. परंतु त्याच शिवारातील माळाच्या उथळ मुरमाड जमिनीत चिकणमाती कमी असते, आणि काळ्या रानाचा दाखला माळाला लावता येत नाही. एका गावात जर दोन उत्तरे निघतात, तर एका राज्याला एक उत्तर पुरेल कसे?

ही द्रव्ये आपल्या रानात आधीच आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. महासत्तांनी १९४५ पासून वातावरणात केलेल्या अणुस्फोटांची राख साऱ्या पृथ्वीवर पडली. ते सीझियम मातीच्या वरच्या थराला इतके घट्ट चिकटून असते की, ते कोठून नाहीसे झाले व कोठे साठले हे मोजून शास्त्रज्ञ जमिनीची धूप किती झाली हे ठरवितात. वाहून गेलेली माती तलावात जाते आणि तिच्याबरोबर सीझियमही. तेथे पुन्हा नवा नियम लागू होतो. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असल्याने समुद्रातील मासा सीझियम कमी साठवितो. गोड्या पाण्यातील मासा त्याच्या कितीतरी पट साठवितो. कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला भीमेवर उजनीचा विस्तीर्ण जलाशय आहे आणि त्यातील मासळीवर पुष्कळ कुटुंबे जगतात. समुद्र दूर आहे म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही, तो यासाठी.

तीन आठवडे आणि सव्वीस वर्षे

जमिनीला न विचारता दिलेल्या आश्वासनाचे काय होते, याचा धडा ब्रिटनने जगाला दिला आहे. चेर्नोबिलहून निघालेला ढग मे १९८६ च्या पहिल्या आठवड्यात वेल्स व कंब्रिया या डोंगराळ भागांवर असतानाच तेथे जोराचा पाऊस झाला. अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक. तरीही पावसाने सीझियम कुरणांवर उतरविले. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले आणि ते तीन आठवड्यांत उठतील असे सांगितले. शास्त्रज्ञांचा हिशेब असा होता की, सीझियम लवकरच मातीला बांधले जाईल आणि गवतात येणे थांबेल. हिशेब चूक नव्हता. तो सखल भागातील चिकणमातीचा होता. डोंगरावरची जमीन आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, खनिज माती अत्यल्प असलेली. तेथे सीझियमला बांधून ठेवणारे काही नव्हते. ते मुळांतून गवतात, गवतातून मेंढीत, मेंढीच्या लेंडीतून पुन्हा जमिनीत असे फिरत राहिले.

त्या तीन आठवड्यांची सव्वीस वर्षे झाली. आरंभी जवळजवळ दहा हजार मेंढपाळांची शेते व चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या निर्बंधांखाली होत्या. शेवटचे निर्बंध १ जून २०१२ रोजी उठले. आपल्या डोंगरावरची माती खालच्या मातीसारखी नाही, हे तेथला प्रत्येक मेंढपाळ जाणत होता. परंतु त्याला कोणी विचारले नाही, कारण त्याचे ज्ञान हे ज्ञान म्हणून गणलेच जात नव्हते. आपल्याकडील नोकरशाहीचा शेतकऱ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन ज्यांना परिचित आहे, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

आता हाच धडा कोकणाला लावून पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन परिसरात जैतापूर प्रकल्पाची एकूण ९,९०० मेगावॅटची आखणी झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०११ मध्ये विरोधी आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एका माणसाचा बळी गेला. तो लढा भूसंपादन, मासेमारी आणि भूकंपाचा धोका या मुद्द्यांवर गाजला. मातीचा मुद्दा मागे राहिला. कोकणची तांबडी जांभ्याची जमीन आम्लधर्मी असते. तिच्यात चुना नाही, पालाश कमी, आणि तिच्यातील चिकणमाती सीझियमला घट्ट धरणाऱ्या जातीची नव्हे. वर तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. काळ्या जमिनीच्या तुलनेत अशा जमिनीतून सीझियम पिकात जाण्याचा संभव अधिक, हे उष्ण कटिबंधातील जमिनींच्या अभ्यासाने दाखविले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीही भारतीय जमिनींवर व पिकांवर असे प्रयोग केलेले आहेत. ते निबंध इंग्रजी नियतकालिकांत आहेत. माडबनच्या ग्रामसभेपुढे कोणी ते मराठीत ठेवले आहेत काय?

ताट कोणाचे

मातीनंतर प्रश्न येतो तो जनावराचा आणि माणसाचा. गाय दिवसभरात कुरणाच्या मोठ्या क्षेत्रावरचे गवत गोळा करते आणि त्यावर पडलेले आयोडीन काही तासांतच तिच्या दुधात उतरू लागते. लहान मुलाची गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आकाराने लहान. तेवढेच आयोडीन तिच्यात साठले तर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक मारा तिला सोसावा लागतो. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडात विंडस्केल येथे आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रातील दूध थांबवून ओतून देण्यात आले. चेर्नोबिलच्या आसपासच्या पुष्कळ गावांत मात्र मुले तेच दूध पीत राहिली, कारण त्यांना वेळेवर सांगितलेच गेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीच्या अहवालाप्रमाणे, त्या वेळी बाल व किशोर वयात असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे ६,००० हून अधिक रोगी आढळले, आणि त्यांतील मोठा हिस्सा दूषित दुधाचा होता. बहुतेक जण उपचारांनी वाचले, हे खरे. पण हे आजार टाळता आले असते, हेही तितकेच खरे. ज्या राज्यसंस्थेने समाजवादाचे नाव धारण केले होते तिनेच हे लपविले, ही गोष्ट आम्ही समाजवाद्यांनी कधीही विसरता कामा नये. गुप्ततेला कोणत्याही रंगाचा झेंडा पवित्र करू शकत नाही.

शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. त्याच कुरणावर चरणाऱ्या शेळीच्या दुधात लिटरमागे आयोडीन आणि सीझियम दोन्हीही गाईच्या दुधापेक्षा अधिक उतरतात. शेळीचे दूध संघाच्या संकलन केंद्रावर जात नाही. ते घरच्या चहात आणि घरच्या मुलाच्या पोटात जाते. उद्या तपासणी झाली तर ती टँकरची होईल. माळावर, बांधाला शेळ्या चारणाऱ्या भूमिहीन मजुराचे दूध कोणत्याही नोंदवहीत असणार नाही. किरणोत्साराला जातवर्ग कळत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. तो ज्या अन्नसाखळीतून येतो तिला मात्र चांगलेच कळतात.

नॉर्वेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील सामी लोक रेनडियर पाळतात; रेनडियर दगडफूल जातीच्या वनस्पतींवर जगतात आणि या वनस्पतींना मुळे नसल्याने त्या पावसातून येणारे सारे धरून ठेवतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये नॉर्वे सरकारने रेनडियरच्या मांसाची मर्यादा किलोमागे ६०० वरून थेट ६,००० बेकरेल केली. शहरी माणूस ते मांस वर्षातून क्वचित खातो, आणि बंदी आली तर सामींचा सारा धंदाच बुडतो, हा त्यामागचा विचार होता. तो अविचारी नव्हता. पण ते मांस रोज खाणारे सामीच होते, म्हणून त्यांना आहाराबाबत निराळा सल्ला द्यावा लागला. मर्यादा हा सामाजिक निर्णय असतो, हे याहून स्पष्टपणे कसे सांगावे? निर्णय सामाजिक असेल तर तो समाजासमोर, समाजाच्या संमतीने झाला पाहिजे. भात आणि मासळी खाणारा कोळी, दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी खाणारा मिरजगावचा शेतमजूर आणि मुंबईचा मध्यमवर्गीय यांच्यासाठी सरासरीचे एकच ताट कल्पून चालणार नाही.

यात आणखी एक दुवा आहे, आणि त्याला चाके आहेत. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली. काही महिन्यांनी जपानभर विकलेल्या गोमांसात सीझियम सापडले. चौकशी केली तेव्हा कारण निघाले ते असे की, भाताचा पेंढा उघड्या शेतात पडून होता, त्यावर सीझियम पडले, आणि तो पेंढा दूरदूरच्या गोठ्यांना विकला गेला. आमच्याकडे कडब्याच्या गंजी उघड्यावरच असतात. दुष्काळात चारा छावण्यांना ट्रकच्या ट्रक चारा लांबून येतो आणि तो कोणत्या रानातला हे कोणी विचारत नाही. अन्नसाखळी गावाच्या शिवेपाशी थांबत नाही; ती बाजाराच्या मागे जाते.

भीती नको, मोजमाप हवे

येथे आमच्या कार्यकर्त्यांना एक इशारा देणे अगत्याचे आहे. किरणोत्सार हा शब्द उच्चारून भय पसरविणे सोपे असते आणि त्याची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागते. एक अफवा उठली तर दुधाचा भाव एका दिवसात कोसळतो, आणि नंतर हजार खुलासे केले तरी तो लवकर सावरत नाही. निसर्गातही किरणोत्सार आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियमचेच सुमारे ४,००० बेकरेल असतात. दगडी कोळशाच्या राखेतही युरेनियम व थोरियम एकवटलेले असतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीच्या औष्णिक केंद्राच्या परिसरातही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तेव्हा अणुभट्टीला विरोध करणाऱ्याने कोळशाचा धूर नजरेआड करू नये आणि अणुवीजेचे समर्थन करणाऱ्याने चेर्नोबिलच्या मुलांना. दोघांनाही उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे विश्वासार्ह आणि उघड मोजमाप.

फुकुशिमा प्रांताने २०१२ च्या हंगामापासून तांदळाचे प्रत्येक पोते तपासले. पहिल्या वर्षी एक कोटीहून अधिक पोती तपासली, त्यांपैकी ७१ पोती किलोमागे १०० बेकरेलच्या मर्यादेपलीकडे निघाली. शेतांना पालाश दिले गेले, आणि २०१५ च्या पिकापासून मर्यादेपलीकडचे एकही पोते निघाले नाही. शेतकऱ्याचा माल वाचविला तो प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनी. त्याच जपानात कित्येक ठिकाणी जमिनीचा वरचा पाच सेंटिमीटरचा थर खरवडून काढावा लागला, हेही विसरू नये. कोरडवाहू रानाचा वरचा थर काढून नेणे म्हणजे ते रान मारणे होय.

मोजणार कोण, हा यापुढचा प्रश्न. १९८७ ची मर्यादा ठरविणारे नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले ते अणुऊर्जा आयोगाच्याच छत्राखाली. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्यांच्याच घरात त्याचे बिऱ्हाड. लोण्याच्या प्रकरणातील तज्ज्ञ समितीतही भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. व्यक्तींच्या सचोटीविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही. पण वादी आणि पंच एकाच घरचे असू नयेत, हा गावच्या पंचायतीलाही कळणारा न्याय आहे. २०१२ साली भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी आपल्या अहवालात या मंडळाच्या स्वायत्ततेच्या अभावावर स्पष्ट बोट ठेवले. तेव्हा ही तक्रार केवळ आंदोलकांची आहे असे म्हणण्यास जागा राहिली नाही.

लोकांनी स्वतः मोजणी केल्याचा इतिहास आहे आणि तो कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. अमेरिकेत सेंट लुईस शहरी १९५८ पासून नागरिक व शास्त्रज्ञांच्या एका समितीने मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. संख्या तीन लाखांच्या आसपास गेली. बॅरी कॉमनर हे त्या चळवळीतील एक प्रमुख शास्त्रज्ञ. अणुस्फोटांची राख गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या दातांत गेल्याचे स्ट्रॉन्शियमच्या मोजणीने सिद्ध झाले. १९६३ साली वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्यामागील लोकमत घडविण्यात या दातांचा वाटा होता. आयांनी पाकिटांत घालून पाठविलेल्या दातांपुढे महासत्तेच्या गुप्ततेला माघार घ्यावी लागली.

आपण काय मागावे

महाराष्ट्रात हे काम करण्यास नव्या संस्थेची गरज नाही. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. कोकणासाठी दापोलीचे कृषी विद्यापीठ आहे. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृद आरोग्य पत्रिका दिल्या गेल्या. तिच्यात आम्लता, सेंद्रिय कर्ब आणि पालाश यांचे आकडे असतात. सीझियम पिकात किती जाईल हे ठरविणाऱ्या गोष्टींपैकी तीन गोष्टी त्या कागदावर आधीच छापलेल्या आहेत, पण त्या दृष्टीने त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नाही.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, दोन्ही विद्यापीठांनी प्रत्येक तालुक्यातील माती, चारा, दूध, धान्य व मासळी यांची किरणोत्साराची पायाभूत नोंद करावी, आणि ती मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आज काय आहे हे नोंदलेले नसेल तर उद्या काय वाढले हे कोणीच सिद्ध करू शकणार नाही, आणि त्याचा लाभ नेहमी बलवानालाच होतो. दुसरी मागणी अशी की, अणुभट्टी चालविणाऱ्या संस्थेकडे, मग ती सरकारी असो वा खासगी, या मोजणीचा अधिकार असू नये. तिसरी, मर्यादा ठरविताना निरनिराळ्या समाजगटांचा प्रत्यक्ष आहार विचारात घ्यावा आणि तो हिशेब जाहीर करावा. चौथी, अपघाताच्या प्रसंगी कोणत्या दिवशी दूध थांबवायचे, जनावरांना स्वच्छ चारा कोठून आणायचा आणि ओतून दिलेल्या दुधाचे पैसे किती दिवसांत द्यायचे, हे आधी ठरवून ठेवावे. तो खर्च अपघात करणाऱ्याने सोसावा; दूध उत्पादकाने नव्हे. शेळीच्या घरच्या दुधाचीही त्यात तरतूद असावी.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही, असे कोणी म्हणेल. ज्या राज्यात शेतकऱ्याला स्वतःच्या मातीचा अहवाल मिळविण्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागतात, तेथे आपल्या रानाची नोंद आपल्या हाती असावी ही मागणीच पुरेशी मूलगामी आहे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत हा ठराव मांडावा. माडबनमध्ये तो मांडला जाईलच. मिरजगावमध्येही मांडला गेला पाहिजे. १९८८ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लोण्याचा विचार झाला, पण मातीची साक्ष काढली गेली नाही. ती साक्ष नोंदवून घेण्याचे काम आता आपल्यालाच केले पाहिजे.